मार्लीन उभी राहिली

मोसमाची शेवटची मॅच जिंका नाहीतर हरा, त्या संध्याकाळी डुशेकांच्या घरी जेवायला काय असणार हे मार्लीनच्या सासूने कधीचंच ठरवून ठेवलं होतं. भाजलेलं डुकराचं मांस, पिठाचे उकडलेले गोळे, आंबट कोबी आणि वर खसखशीचे कोलाचे. सासूला जाऊन बरीच वर्षं झाली, पण बेत काही बदलला नाही. फरक एवढाच, की जिंकल्यावर त्या गोड पावांसाठी हाणामारी व्हायची आणि हरल्यावर ते आग्रह करकरून वाढावे लागायचे. आज ताट भरलं होतं तसंच होतं. मार्लीनने ते दोनदा झाकलं, दोनदा उघडलं. कोणाला आग्रह करण्याचं तिच्या अंगात त्राण नव्हतं. आजची मॅच तिनेच घालवली होती, आणि ते तिच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस मागच्या अंगणात वर्तमानपत्रांवर गुडघे टेकून तिसरा बेस घासत होता.

मोसम संपला की बेसबॉलच्या मैदानातले तिन्ही बेस, म्हणजे धावणाऱ्याने पाय टेकायच्या पांढऱ्या चौकोनी गाद्या, उपटून घरी आणायचे, अंगणात धुवायचे आणि पुढच्या वसंतापर्यंत तळघरात ठेवायचे, ही मार्लीनच्या नवऱ्याची, रूडीची, जुनी पद्धत. कॉलेजात या कामाला पगारी माणसं होती. पण रूडी डुशेक याच कॉर्बिन कॉलेजकडून खेळायचा तेव्हा हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. पुढे तो तिथेच कोच झाला, त्याचे केस पिकले, पण काम त्याने सोडलं नाही. घरच्यांच्या वाटण्याही ठरून गेल्या होत्या. पहिला बेस मुलीचा, जॅनेलचा. ती आता लिंकनच्या शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवायची, तरी या शनिवारी न चुकता यायची. दुसरा रूडीच्या बहिणीचा, लिबीचा. तिसरा मुलाचा, ग्लेनचा. म्हणजे, होता. पंधरा वर्षांपूर्वी एका मॅचनंतर ग्लेनने त्या बेसला हात लावायचं सोडलं. तो यायचा, बिअरची बाटली घेऊन पायरीवर बसायचा, आणि तिसरा बेस रूडी घासायचा.

आता मार्लीनच्या गुन्ह्याविषयी.

दोन वर्षांपूर्वी ओमाहाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने रूडीला सांगितलं होतं, की नजरेच्या कडा शाबूत राहतील, मधलं मात्र हळूहळू पुसत जाईल. झालंही तसंच. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. डॉक्टरकडून परतताना गाडी मार्लीनने चालवली. प्लॅट नदीचा पूल ओलांडला. मग रूडी म्हणाला, "कोपऱ्यातून दिसतं गं मला. तू आता पलीकडच्या बाकांवर बसत जा, पहिल्या बेसच्या बाजूला, वरच्या रांगेच्या टोकाला. लाल जाकीट घाल. आपला रनर तिसऱ्याकडे यायला लागला आणि त्याला पुढे होम प्लेटकडे, रन करायला, सोडण्यासारखं असलं, तर उभी राहा. नसलं तर बसून राहा. बाकी मी बघून घेतो."

"आणि कोणाला कळलं म्हणजे?"

"बायको मॅच बघताना उठते-बसते. त्यात कळण्यासारखं काय आहे?"

खरंच कोणाला कळलं नाही. कोच तिसऱ्या बेसजवळ आखलेल्या चौकोनात उभा राहायचा, चेंडू बॅटवर कसा वाजला यावरून तो कुठे गेला हे ओळखायचा, आणि धावत येणाऱ्या पोराला हात फिरवून सोडायचा किंवा दोन्ही तळवे दाखवून थांबवायचा. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याची नजर बघा, अजून घारीची. मार्लीन ऐकायची आणि तिला जाकिटाच्या आत उगाच उबदार वाटायचं. इतकी वर्षं मैदानाच्या कडेला बसलेल्या बाईला बेसबॉल न कळून सांगतो कोणाला? पण आजवर तिचं कळणं कोणाच्या कामी आलं नव्हतं. ते आता आलं होतं.

आज शेवटच्या डावात कॉर्बिन एका रनने मागे होतं. दोघे आउट, तिसरा गेला की मॅच संपली, आणि दुसऱ्या बेसवर बोहाक. पोरगा स्वभावाने सोनं, पण पळायला बैलगाडी. चेंडू डावीकडे मोकळ्या जागेत पडला आणि तिथल्या पोराने तो एका टप्प्यात उचललासुद्धा. बसून राहायचं, मार्लीनला लगेच कळलं. पुढे बॅटिंगला टीममधला सगळ्यांत भरवशाचा मुलगा होता. आणि नेमकी तेव्हाच पाहुण्या टीमची एक आई दोन्ही हातांत हॉट चॉकलेटचे पेले घेऊन शेजारी येऊन ठेपली.

"सॉरी हं, जरा आत जाऊ देता?"

मार्लीन उभी राहिली. कोणी वाट मागितली की उठून द्यावी हे अंगात इतकं मुरलेलं, की उठल्यावरच तिला कळलं आपण उठलो. ती धपकन बसली. पण तोवर पलीकडे रूडीचा हात गरगर फिरायला लागला होता, आणि बोहाक खाली मान घालून, कोचवर संपूर्ण विश्वास टाकून, तिसरा बेस ओलांडून धावत सुटला होता. तो होम प्लेटच्या इतका अलीकडे आउट झाला, की कॅचरला चेंडू हातात घेऊन त्याची वाट बघावी लागली.

"थँक्यू," ती बाई जाता जाता म्हणाली.

मॅच संपल्यावर रूडीने सगळ्यांना एकच सांगितलं, चूक माझी, पोराची नाही. कॉलेजच्या क्रीडाप्रमुखाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारी बोलू, रूडी. पुढच्या वर्षीचं काय ते तूच ठरव." माणूस भला होता, पण एरवी तो कधी खांद्यावर हात ठेवत नसे.

"घासून घासून रंग जाईल त्याचा, कोच," पायरीवरून ग्लेन म्हणाला. कॉलेजच्या टीममध्ये गेल्यापासून तो बापाला कोच म्हणायला लागला तो लागलाच.

"जाऊ दे. गेलाच तर वर्तमानपत्राला लागेल."

"मी गंमत करत नाहीये. दुकान बंद करून येईपर्यंत तिघांनी अडवलं मला." ग्लेनचं गावात शेतीच्या अवजारांचं दुकान होतं आणि सगळ्या तालुक्याच्या गप्पा तिथेच दळल्या जायच्या. "कोच थकले, म्हणे. आजवर माझ्या तोंडावर असं बोलायची कोणाची हिंमत नव्हती. सोमवारी त्या माणसाला सांगून टाका, बस झालं म्हणून. मान आहे तोवर उठावं."

"एका रनरवरून?" जॅनेलने पहिला बेस खाली आपटला. "चौतीस वर्षं विसरायची, त्या बैलगाडीपायी?"

"मी विसरा म्हणत नाहीये."

"तू काय म्हणतोयस ते मला पाठ आहे. आज बोहाकला सोडला म्हणून बोंब. आणि तुला सोडला नाही म्हणून पंधरा वर्षं तोंड फुगलेलं. माणसाने करायचं तरी काय?"

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," लिबी म्हणाली. ती एका हाताने दुसरा बेस घासत होती, दुसऱ्या हाताने वर्तमानपत्रातलं विवाहवृत्त वाचायला बेस बाजूला सारत होती. तीन नवरे पोचवलेल्या लिबीला लग्नाच्या बातम्यांचा भारी सोस. "पण ग्लेनचं अगदीच चूक नाही हो. मी म्हणते रूडी, अब्रूने घरी बस."

"घरी बसून काय करेल तो, आत्या?" जॅनेल तिच्याकडे वळली. "भिंतीकडे बघत बसेल? डॅड, तू ऐकू नकोस यांचं. एकदा सोडलंस की महिन्याभरात वाळून जाशील. मी बघितलेत असे कोच."

मार्लीन अंगणातल्या टेबलाशी बाकावर बसून सुऱ्या-काटे पुसत होती. ते मघाशीच पुसून झाले होते. मुलीचा तिला राग आला नाही. एवढा जीव लावणारी मुलगी कोणाच्या नशिबी असते? पण प्रत्येक वाक्य नेमकं दुखऱ्या जागी लागत होतं. तिने रूडीकडे पाहिलं. तो खाली मान घालून ब्रश चालवत होता आणि बेसचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा घासत होता. दुसरा कोपरा तसाच चिखलाचा होता. तो त्याला दिसत नव्हता.

"पण एक सांग," लिबीला विवाहवृत्तात काही सापडलं नाही असं दिसलं. "तू बघत कुठे होतास? डावीकडच्या पोराने चेंडू उचललेला मलासुद्धा दिसला. मी तर शेंगा सोलत होते."

"ऊन आलं डोळ्यांवर."

"ऊन?" लिबीने ब्रश खाली ठेवला. "ऊन तुझ्या पाठीला होतं. डोळ्यांवर होतं ते आमच्या. तुझी बायको दोन वर्षं आपली माणसं सोडून पाहुण्यांच्या बाकांवर जाऊन बसते ना, तिच्या शेजारी मी भाजून निघते. मला सांगतोयस ऊन?"

ग्लेनने बाटली पायरीवर ठेवली.

"चूक माझी," रूडी शेवटी म्हणाला. "संपलं. पुन्हा विचारू नका."

तो आपल्याला पाठीशी घालतोय, हे मार्लीनला दिसलं. आयुष्यभर याने पोरांच्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या आणि आता तिचीही घेणार. आणि ती मुकाट्याने घेऊ देणार? तिने हातातला काटा खाली ठेवला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी उभी राहिले म्हणून त्याने सोडलं."

"मार्लीन," रूडी म्हणाला.

"नाही, आता बोलू दे." आणि तिने सगळं सांगितलं. डॉक्टर, पूल, लाल जाकीट, उठणं, बसणं, हॉट चॉकलेट. मध्ये ती एकदाही थांबली नाही.

"म्हणून ते ऊन!" लिबी म्हणाली. "दोन वर्षं! अगं, मला सांगितलं असतंस तर मी हॅट आणली असती."

जॅनेल उठून बापासमोर जाऊन बसली आणि तिने त्याच्या तोंडापुढे हात धरला. "किती बोटं आहेत?"

"हात आहे एवढं कळतंय. पुरे."

"पुरे? डॅड, तिसऱ्या बेसजवळ काय वेगाने चेंडू येतात! चांगल्या डोळ्यांची माणसं तिथे कोसळलीत. मी माझ्या पोरींना सांगते, त्या जागी उभ्या असाल तर पापणीसुद्धा लववायची नाही. आणि तू तिथे आंधळा उभा राहतोस?" ती गर्रकन आईकडे वळली. "आणि तू राहू दिलंस?"

"हो, दिलं."

"कसं दिलंस, मॉम?"

"तो मागत होता म्हणून दिलं!" मार्लीनला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "तुला काय वाटतं, मी तिथे मजेत बसायचे? प्रत्येक चेंडूला मी मेले. बॅट वाजली की आधी त्याच्याकडे बघायचे, तो उभा आहे ना ते. आणि मग रनरकडे. दोन वर्षांत एक मॅच धड बघितली नाही मी."

रूडीने मान वर केली. "हे तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. उभं राहायचं की बसायचं, एवढंच ठरलं होतं आपलं."

रूडी ब्रश हातात फिरवत राहिला.

"झालं तर मग," जॅनेल डोळे पुसत म्हणाली. "सोमवारी नाही म्हणून सांग. एक दिवसही नको. मी मघाशी बोलले ते सगळं परत घेते."

"थांब," ग्लेन म्हणाला.

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं.

"त्यांना डगआउटमध्ये, टीमच्या बाकावर, बसता येईल. तिथे जाळी आहे. बॅटचा आवाज ऐकून त्यांना जे कळतं ते त्या पोरांना डोळे फाडूनही कळत नाही. तिसऱ्याजवळ मी उभा राहीन. दुकान चारला बंद करता येतं."

"अरे, तूच ना मघाशी..." जॅनेल म्हणाली.

"मघाशी मला माहीत नव्हतं."

"या घरात माणसाने कोणाची बाजू घ्यावी तरी कशी?" लिबी कुरकुरली. "मी आत्ता कुठे ग्लेनच्या बाजूला जाऊन बसले, तर हा उठून भलतीकडेच."

रूडी हसला. दिवसभरात पहिल्यांदा. "डगआउटमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकू म्हणतोस?" पण त्याच्या आवाजात नकारापेक्षा मोह जास्त होता, आणि तो मार्लीनला बरोबर ऐकू आला.

ग्लेन पायरीवरून उतरला. "एक विचारू, कोच? पंधरा वर्षांपूर्वी तुमचे डोळे ठीक होते."

"चांगले होते."

"मग मला का थांबवलंत? फायनल होती. मी काही बोहाक नव्हतो. मी पोचलो असतो."

मार्लीनचे हात थांबले. हा प्रश्न पंधरा वर्षं या घरात जेवायला बसत होता, पण कोणी त्याला वाढलं नव्हतं.

"पोचला असतास," रूडी म्हणाला.

"मग?"

"त्यांचा तो कॅचर वाट अडवून बसला होता. रेडा होता नुसता. पोचला असतास, पण त्याच्या अंगावरून. आणि तुझा गुडघा हिवाळ्यातच शिवून आणला होता. शुद्धीवर येताना तू माझा हात धरून होतास दवाखान्यात." त्याने ब्रश खाली ठेवला. "दुसऱ्या कोणाचा पोरगा असता तर मी सोडला असता. तेव्हा त्या चौकोनात कोच उभाच नव्हता."

"हे सांगायला पंधरा वर्षं?"

"टीमला काय तोंडाने सांगणार होतो? तुझ्याबरोबर आणखी वीस पोरांनी हिवाळाभर घाम गाळला होता. माझ्या लेकाच्या गुडघ्यासाठी तुमची फायनल घालवली, असं सांगू? त्यांना नाही सांगितलं, म्हणून तुलाही नाही."

ग्लेन वर्तमानपत्रांवर गुडघे टेकून बसला. एक गुडघा अजूनही कुरकुरायचा.

"सरका," तो म्हणाला, आणि त्याने बापाच्या पुढ्यातला बेस ओढून घेतला. "एकच कोपरा किती घासाल? चिखल शिवणीत असतो."

मार्लीनने तोंड फिरवलं आणि उगाचच कोबीवरचं झाकण नीट केलं.

बेस धुऊन झाले, जेवणं उरकत आली, तरी सोमवार टेबलावरून हलेना. जॅनेल म्हणे नाही सांग, ग्लेन म्हणे डगआउट, आणि लिबी ज्याच्या हातात वाढायचा चमचा असेल त्याच्या बाजूची. आवाज चढायला लागले तसे रूडीने दोन्ही तळवे वर केले, धावत्या पोराला थांबवावं तसे. सगळे गप्प झाले. ती सवय या घरात सगळ्यांच्या पायांत होती.

"तुमचं ऐकून झालं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी एकाच माणसाकडे बघून ठरवलंय. आजही तिच्याकडेच बघणार. मार्लीन, काय करू?"

त्याने मान किंचित बाजूला वळवली. तिला बघायचं असलं की तो अलीकडे असाच तिच्यापासून तोंड फिरवायचा.

मार्लीनला एकदम बर्फ वितळल्यानंतरचा मार्च आठवला. रूडी पहाटे उठून दारात उभा राहायचा, ओल्या मातीचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, आणखी आठवडाभरात मैदान खेळण्यासारखं होईल. सोडलं तर पुढच्या मार्चमध्येही तो दारात उभा राहील, आणि मग परत आत येईल. ती आत्ता उभी राहिली तर तो आनंदाने ऐकणार होता. ग्लेनही उभा राहणार होता त्याच्या बाजूने. बापलेक एका मैदानात, याहून तिला आणखी काय हवं होतं? पण डगआउटमध्ये हा बसून राहील का? दुसऱ्याच मॅचला कोणाची तरी नजर चुकवून तो तिसऱ्या बेसकडे चालायला लागेल, हे तिला स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं. आणि तीही पुन्हा लाल जाकीट घालून पलीकडे जाऊन बसेल. तिलाही त्या जागेची चटक लागली होती. तिचंही काहीतरी जाणार होतं, आणि ते तिच्यावाचून कोणाला कळणार नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात शेगडीवर कॉफी उकळायला लागली.

मार्लीन या घरात आल्यापासून कॉफी उकळली की तीच उठत आली होती. भांडं खदखदलं. झाकण वाजायला लागलं.

"अगं मार्लीन, कॉफी," लिबी म्हणाली.

मार्लीनने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ती बसून राहिली.

आत कॉफी उतू गेली, शेगडीवर चर्रकन आवाज झाला आणि जळका वास अंगणात आला. जॅनेल अर्धवट उठली, आईकडे बघून पुन्हा खाली बसली. मार्लीनच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते रूडीला दिसणं शक्य नव्हतं. पण ती बसली आहे, एवढं त्याला कोपऱ्यातून नीट दिसत होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "थांबलो."

ग्लेन उठून आत गेला. भांडं उतरवल्याचा, कप मांडल्याचा आवाज आला, आणि मग खिडकीतून त्याची हाक आली, "डॅड, तुला दूध घालू का?"

"घाल थोडं," रूडी म्हणाला. तो टेबलाच्या कडेकडेने चाचपत आला आणि मार्लीनच्या शेजारी बाकावर बसला. चौतीस वर्षं मॅचच्या वेळी तो मैदानात असायचा आणि ती बाकांवर.

"खसखशीचेच आहेत ना?" त्याने विचारलं.

"दुसरे कधी केलेत या घरात?"

हरलेल्या दिवशी डुशेकांच्या घरात कोणी आग्रहावाचून कोलाचा उचलल्याचं लिबीलासुद्धा आठवत नव्हतं. रूडीने हात लांब करून ताट शोधलं, दोन उचलले, आणि त्यातला एक मार्लीनच्या हातात दिला.